मामा, पिकअप घेऊ का?

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. मी ताडपत्री बांधत होतो, फोन खांद्यात धरून बोललो. म्हणला मामा, चाकणचं काम सोडतोय, कंत्राटावर किती दिवस राहायचं, पिकअप घ्यायची म्हणतोय, तुमच्यासारखी, सेकंडहँड बघितलीय एक, साडेचार लाखाला देतोय. मी म्हणलं बाबा आत्ता गाडी भरलीय, मला वाशीला पोचायचंय, उद्या बोलू. उद्या काही बोलणं झालं नाही, परवा झालं ते पण अर्धवट, मग त्याने व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवायला सुरुवात केली एकेक. लायसन कुठलं लागतं, परमिट लागतं का, विमा किती, पोलीस किती घेतात. हा शेवटचा प्रश्न पहिला होता खरं तर.

तर म्हणलं एकदाच लिहून टाकावं इथे, त्याला लिंक पाठवता येईल आणि अजून कुणाला उपयोग झाला तर झाला. मी नारायणगाव ते वाशी मार्केट भाजीपाला नेतो, मुख्य म्हणजे टोमॅटो, सीझन नसेल तेव्हा जे मिळेल ते. सात वर्षं झाली. मी वकील नाही, एजंट पण नाही, जे रस्त्यावर कळलं आणि जे चलन भरल्यावर नीट वाचलं तेवढंच सांगतो.

पहिलं लायसन. याच्यावर इतकी वर्षं गोंधळ होता की विचारू नका. चारचाकीचं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन असलेला माणूस पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची, गाडी चालवू शकतो का नाही. आधी वेगळं ट्रान्सपोर्टचं लायसन काढायला लागायचं, आणि ते नसलं की अपघातात विमा कंपनी सरळ हात वर करायची, म्हणायची ड्रायव्हरकडे योग्य लायसनच नव्हतं. मग २०१७ ला सुप्रीम कोर्टाने मुकुंद देवांगन केसमध्ये सांगितलं की गाडीचं एकूण वजन साडेसात टनाच्या आत असेल तर एलएमव्ही पुरतं. विमा कंपन्यांना ते पटलं नाही, परत गेल्या कोर्टात, शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं, ७५०० किलोपर्यंत वेगळी नोंद लागत नाही. आपली पिकअप, छोटा हत्ती, हे सगळं त्याच्या खूप आत येतं. त्यामुळे भाचेबुवा, तुझं जे लायसन आहे ते चालतंय. फक्त गॅसच्या टाक्या, केमिकल असला धोकादायक माल भरायचा असेल तर त्याचं वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर वेगळी नोंद लागते, ते कोर्टाने काढलेलं नाही. भाडं चांगलं मिळतं म्हणून केमिकलचे बॅरल भरणारे बघितलेत मी, नसत्या भानगडीत पडू नको.

ज्यांचं ट्रान्सपोर्टचं लायसन आहे त्यांना पूर्वी दर तीन वर्षांनी रिन्यू करायला लागायचं, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी. आणि आठवी पासची अट होती ती पण त्याच साली काढली. आमच्याकडे एक चुलते होते, गाडी अशी चालवायचे की माळशेजच्या वळणावर पोटातलं पाणी हलायचं नाही, पण चौथीतून शाळा सोडलेली म्हणून आयुष्यभर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणूनच राहिले कागदावर. असो.

आता परमिट. याचं उत्तर गंमतीचं आहे. मोटार वाहन कायद्यात कलम ६६ आहे, त्याच्यात लिहिलंय की मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल सगळं धरून, ३००० किलोच्या वर नसेल तर परमिट लागत नाही. आणि आता बाजारातल्या बऱ्याच पिकअपच्या आरसीवर ग्रॉस वजन बघ किती लिहिलंय ते. २९९०. दहा किलो कमी. मला पहिल्यांदा वाटलं योगायोग असेल, मग शोरूमच्या पोरानेच सांगितलं की दादा गाडी मुद्दाम तेवढ्यात बसवलेली असते. म्हणजे कंपनीला कायदा नीट माहितीये, शोरूमला माहितीये, एजंटला माहितीये, ज्याला गाडी चालवायची त्याला सोडून सगळ्यांना माहितीये. माझ्या गाडीच्या आरसीवर ग्रॉस २९९० आणि रिकामी १६९०. राहिले १३००. हे १३०० लक्षात ठेव, पुढचं सगळं याच्यावरच आहे.

आमच्याकडे पासिंग हा शब्द दोन अर्थाने वापरतात. एक म्हणजे फिटनेस, गाडी आरटीओला दाखवून आणायची. दुसरा म्हणजे गाडी किती टनाची पास आहे. 'किती पासिंग आहे रे तुझी' असं विचारलं की १३०० सांगायचं. आणि मग पुढचा प्रश्न येतो, बसतं किती? हे दोन आकडे कधीच सारखे नसतात. सगळा धंदा या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालतो, खोटं वाटेल पण खरंय.

टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. प्लास्टिकचा क्रेट धरून बावीस पकड. १३०० ला बावीसने भाग, ५९ क्रेट येतात. एकोणसाठ. आता नारायणगावात कुठल्याही व्यापाऱ्याला जाऊन सांग की मी एकोणसाठ क्रेट नेणार, तो तुझ्याकडे असा बघेल की तू त्याच्या पोरीला मागणी घातलीस. नव्वदच्या खाली बोलतच नाहीत. शंभर भरणारे आहेत. मागे स्प्रिंगचे पाटे वाढवलेले असतात, एकाला दोन, हौद्याला वर पाइप मारून उंची वाढवलेली असते, आणि गाडीचं तोंड वर झालेलं असतं, हेडलाइट झाडातल्या पाखरांवर पडतात. (हे पाटे वाढवणं, बॉडी वाढवणं पण कायद्यात बसत नाही बरं का, आरसीवर जशी गाडी आहे तशीच पाहिजे, पण पासिंगच्या दिवशी पाइप काढून ठेवतात आणि संध्याकाळी परत वेल्डिंग.)

मी पण भरायचो. खोटं कशाला बोलू. पहिली तीन वर्षं नव्वद. क्रेटमागे भाडं मिळतं, वरच्या एकतीस क्रेटचे पस्तीस रुपयाने हजार-अकराशे सुटतात, डिझेलचा मोठा भाग निघतो त्याच्यात. मग एका रात्री मुरबाडच्या अलीकडे आरटीओच्या पथकाने हात केला, काट्यावर घेतली गाडी, सातशे किलो जास्त. चलन आलं वीस हजारांच्या वर. २०१९ ची दुरुस्ती आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून लागू झाली हे मला तेव्हा कळलं, रस्त्यावर उभं राहून. कलम १९४, ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वर दर जास्तीच्या टनाला दोन हजार. आणि त्याच्यात अजून एक आहे जे कुणी सांगत नाही, जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत आणि उतरवायचा खर्च पण आपलाच. रात्री दीड वाजता मुरबाडला टोमॅटो कुठे उतरवणार? दुसरी गाडी बोलवली, तिचं भाडं, हमाली, आणि वाशीला पोचेपर्यंत लिलाव होऊन गेला होता, माल पडेल भावाला गेला, आणि व्यापाऱ्याने ते पण माझ्या भाड्यातून कापलं. माझ्या डोक्यात त्या दिवसापासून तो हिशोब बसलाय, हजार रुपयासाठी वीस हजार.

आणि हो, वजन करून घ्यायला नाही म्हणलास, पळून गेलास, तर दंड चाळीस हजार. म्हणजे पळण्यात पण फायदा नाही, कायदा करणाऱ्याने तो पण विचार करून ठेवलाय.

आता कायदा वाचला तर त्याच्यात 'जो चालवतो किंवा चालवायला लावतो' असं आहे. चालवायला लावणारा म्हणजे कोण, ज्याने नव्वद क्रेट भरले तो नाही का? पण तो तर घरी झोपलेला असतो. रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हर. मी सात वर्षांत एकदाही बघितलं नाही की व्यापाऱ्याला उठवून आणलाय. मुळात माझी या सगळ्याबद्दलची तक्रार एवढीच आहे, नियम वाईट नाहीत, बरेचसे बरोबरच आहेत, पण माल कुणाचा, बिल कुणी केलं, वजन कुणी भरलं, घाई कुणाला, ते सगळे मागे राहतात आणि गाडीबरोबर पुढे एकटा जातो तो स्टिअरिंगवाला, मग सगळ्यांचं उत्तर त्यानेच द्यायचं.

याचं एकदम ताजं उदाहरण ई-वे बिलाचं, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं. ताज्या भाजीला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे जाताना टेन्शन नसतं. येताना रिकामी आणली तर पोट भरत नाही, म्हणून रिटर्न भाडं बघावं लागतं, मग काय मिळेल ते, हार्डवेअर, प्लास्टिक, बिस्किटं. आणि तिथे हे लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा माल असेल तर, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर पन्नास हजाराच्या वर. बिल माल पाठवणाऱ्याने काढायचं, त्याच्यात पार्ट बी असतो, तिथे गाडीचा नंबर टाकायचा. दोनशे किलोमीटरला एक दिवसाची मुदत. पूर्वी शंभरला एक होती, २०२१ पासून दोनशे केली. गाडी बंद पडली, घाटात अडकली तर मुदत वाढवून घेता येते, पण ती संपायच्या आठ तास आधी ते संपल्यानंतर आठ तास एवढ्यातच.

तर झालं काय, गेल्या पावसाळ्यात महाप्याच्या एका गोदामातून जुन्नरसाठी नळाचे पाइप-फिटिंग भरले, एक लाख चाळीस हजाराचा माल. गोदामातल्या क्लार्कने पार्ट बीमध्ये माझ्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे टाकले. मी पण बघितलं नाही, पाऊस चालू होता, मला घाट उजेडात चढायचा होता. टोकावड्याच्या पुढे जीएसटीच्या माणसांनी थांबवलं. गाडीचा नंबर वेगळा, बिलावरचा वेगळा. आता जीएसटी कायद्यात कलम १२९ मध्ये माल अडकला तर कराच्या दुप्पट दंड आहे, १८ टक्क्यांनी हिशोब केला तर पन्नास हजार. माझे पाय गार पडले. गोदामात फोन केला तर क्लार्क घरी गेलेला, मालक म्हणतो तूच नंबर चुकीचा सांगितला असशील.

मग साहेबच म्हणले, थांब, हे दोन आकड्यांचं आहे ना. २०१८ च्या सप्टेंबरात एक सर्क्युलर निघालेलं आहे, नंबर ६४, त्याच्यात स्पष्ट लिहिलंय की गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे-अक्षरं चुकली असतील तर ती किरकोळ चूक धरायची, पाचशे सीजीएसटीचे आणि पाचशे एसजीएसटीचे, हजार रुपये भरायचे आणि गाडी सोडायची. हजारात सुटलो. पण पाच तास गेले आणि रात्री माळशेज धुक्यात चढलो, पुढचा बॉनेट दिसत नव्हता. ते हजार रुपये मी क्लार्ककडून अजून वसूल करतोय. तर सांगायचा मुद्दा, बिल हातात आलं की गाडीसमोर उभं राहून पाटीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर बोट ठेवून जुळवायचा, अगदी पहिलीतल्या पोरासारखा. आणि त्या सर्क्युलरचा फोटो मोबाईलमध्ये ठेव, प्रत्येक ठिकाणी असा माहितीवाला साहेब भेटेलच असं नाही.

जुने ड्रायव्हर म्हणतात हे काहीच नाही, जकात होती तेव्हा बघायला पाहिजे होतं. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली. मी तेव्हा या धंद्यात नव्हतो, पण चुलत्यांबरोबर लहानपणी एकदा नाक्यावर रात्र काढलीय, रांगेत गाडीखालीच चटई टाकून झोपलो होतो, तिथे चहा विकणारी बाई भाताचे डबे पण द्यायची. तो भात अजून आठवतो.

बरं, फिटनेस. नवीन गाडी असेल तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. पासिंगच्या दिवशी आमच्या गाड्या नवरीसारख्या नटतात. रंगाचा हात, पुढे पांढरं रेडियम मागे लाल रेडियम, वायपर, हॉर्न, सगळे लाइट, हँडब्रेक, स्टेपनी, फर्स्ट एड बॉक्स, दरवाजावर मालकाचं नाव-पत्ता आणि वजनं पेंट केलेली. त्यातला फर्स्ट एड बॉक्स आमच्या स्टँडवर एकच होता कित्येक दिवस, ज्याची पासिंग त्याच्याकडे जायचा. एकदा खरंच एकाचा हात फाळक्यात चेंगरला आणि बॉक्स उघडला तर आत तंबाखूची पुडी आणि एक पान्हा. त्यानंतर मी माझा घेतला. स्पीड गव्हर्नर पण बघतात, ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना कंपनीकडूनच ८० ला लॉक केलेला येतो. काही पोरं ती वायर काढून घेतात गॅरेजमध्ये, पासिंगला परत जोडतात.

रेडियमला मात्र कंजूषी करू नको. रात्री बंद पडलेली गाडी मागच्याला दिसते ती त्या लाल पट्टीमुळेच, आपल्याकडे रस्त्याला लाइट आहेत कुठे.

भाच्या, तू जी गाडी बघितलीयस तिचा नंबर मला पाठवलास म्हणून मी ऑनलाइन बघितलं. फिटनेस सात महिन्यांपूर्वी संपलाय. फिटनेस संपल्यावर दिवसाला पन्नास रुपये उशिराचे असा नियम आहे, आरटीओने तो लावला तर दोनशे दहा दिवसांचे साडेदहा हजार होतात बघ. शिवाय ई-चलन पेंडिंग आहेत, ते महाट्रॅफिकच्या ॲपवर दिसतात, नऊ चलनं आहेत. आणि गाडी २०१७ ची आहे, म्हणजे एप्रिल २०१९ च्या आधीची, तिला नवीन नंबर प्लेट, ती एचएसआरपी, बसवलेली नसली तर ती बसवायला लागणार, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९ रुपये. तिची मुदत इतक्या वेळा वाढली की लोकांनी मनावर घेणंच सोडलं होतं. हे सगळं साडेचार लाखातून वजा करायला सांग, नाही म्हणला तर उठून ये. आणि पीयूसी. बीएस फोर आणि सिक्स गाड्यांना वर्षभराची मिळते, संपली की लगेच काढ, हा सगळ्यात स्वस्त कागद आहे आणि सगळ्यात जास्त याच्यावरच पकडतात.

कागदं फायलीत बाळगायची गरज नाही आता. डिजिलॉकर आणि एमपरिवाहनमधली चालतात, २०१८ पासूनच चालतात. मी तरी झेरॉक्सचा एक गठ्ठा सीटखाली ठेवतो, कारण माळशेजमध्ये रेंज नसते आणि मामांकडे वेळ असतो. (हे वाक्य लिहिताना हसू येतंय, तू मला मामा म्हणतोस, मी ट्रॅफिकवाल्याला मामा म्हणतो, आणि दोघंही तुला उपदेशच करणार.)

विमा. थर्ड पार्टी सक्तीचाच आहे, साडेसात टनापर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ ला ठरलेला दर १६,०४९ रुपये, वर जीएसटी. गाडी छोटा हत्ती असो का माझ्यासारखी पिकअप, एकच. पाऊण टनवाला आणि सात टनवाला एका दरात, हे मला कधी पटलं नाही पण आहे असं आहे.

पण विम्याचं खरं दुखणं वेगळं आहे. लग्नाचा सीझन आला की गावातून फोन चालू. वऱ्हाड न्यायचंय, देवाला जायचंय, गणपती आणायला पोरं येतील मागे. मी नाही म्हणतो. मालाच्या गाडीत मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस, तेवढा विम्यात धरतात. हौद्यात बसलेलं वऱ्हाड विम्यात कुठेच नाही. कोर्टात जाऊन कंपनीला पैसे द्यायला लावले तरी कंपनी ते नंतर गाडीमालकाकडून वसूल करते. म्हणजे घर, जमीन, सगळं पणाला. दोन वर्षांपूर्वी सख्ख्या मावसभावाच्या हळदीला नाही म्हणलो, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याने दुसऱ्याची पिकअप नेली, तीस माणसं गेली आली, काही झालं नाही, आणि आता प्रत्येक कार्यक्रमात मला ऐकवतात की बघ काय झालं का. काय बोलणार. बायको म्हणते चहा प्या आणि गप्प बसा.

तू अपघाताचं पण विचारलंस, ते दहा वर्षं जेलवालं. जानेवारी २०२४ ला संप झाला होता आठवतंय ना, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. भारतीय न्याय संहितेत कलम १०६ मध्ये दोन भाग आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत, आणि अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली पण तो दहा वर्षांचा दुसरा भाग लागू करायचा बाकी ठेवला. पहिला भाग लागू आहे, आणि आधी हीच शिक्षा दोन वर्षांची होती, ही गोष्ट त्या सगळ्या गोंधळात कुणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्यात कलम १३४ आहे, ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं, आणि त्याच्यातच लिहिलंय की जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर ती गोष्ट वेगळी. मी ते वाचून थोडा वेळ तसाच बसलो होतो. म्हणजे ज्याने कायदा लिहिला त्याला पण माहीत होतं की आपल्याकडे ड्रायव्हरला आधी मारतात मग विचारतात. थांबता येत नसेल तर सरळ पुढच्या पोलीस स्टेशनला गाडी लाव आणि १०८, ११२ ला फोन कर. फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते.

आता कामाचे तास. नियम आहे याच्यावर, १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आता तो नवीन लेबर कोडमध्ये गेलाय. पण तो होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. माझ्या धंद्यात मीच मालक, मीच ड्रायव्हर, मीच हमाल. रात्री नऊला निघतो, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण, दोन-अडीचला वाशी. गाळ्यावर क्रेट उतरवायचे, पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, मिळेपर्यंत थांबायचं, मग रिटर्न माल शोधायचा, घरी पोचेपर्यंत दुपारचे दोन. सतरा तास झाले की हे. सात वर्षांत लायसन विचारलं, पीयूसी विचारली, रेडियम बघितलं, वजन केलं, बिलाचा नंबर जुळवला, आणि दादा झोपला होतास का किती वेळ झाला, हे एकदाही कुणी विचारलं नाही. मी स्वतःच एक ठरवलंय, माळशेज उतरल्यावर ढाब्यावर वीस मिनिटं सीट मागे करून पडायचं, व्यापाऱ्याचा फोन आला तरी उचलायचा नाही. झोप येत असताना मिरची चावणारे, डोळ्याला बाम लावणारे बघितलेत, काही उपयोग नाही त्याचा.

इलेक्ट्रिक घेऊ का असं पण विचारलंस. शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर विचार कर, परमिटमधून सूट आहे, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे येतात. माझ्या रूटला घाट आणि लोड बघता मी नाही घेणार.

हे सगळं मी त्याला तुकड्या-तुकड्यात सांगून झालं होतं. गाडी त्याने शेवटी घेतली, तीच, चार लाख वीसला, चलनं समोरच्याने भरून दिली, फिटनेस याने केला. माझ्या ओळखीने नारायणगावातच एका व्यापाऱ्याकडे लावून दिला. परवा पहाटे फोटो आला काट्याच्या पावतीचा, २९४० किलो. छप्पन क्रेट भरले होते पठ्ठ्याने. मला खरंच बरं वाटलं, स्टेटसला ठेवणार होतो.

दहा मिनिटांनी दुसरा मेसेज आला. मामा, व्यापारी म्हणतोय एवढेच क्रेट नेणार असशील तर उद्यापासून दुसरी गाडी बघतो, काय करू?

मी अजून रिप्लाय दिलेला नाहीये.